झुंबरबाईचं पोहणं

शिट्टी वाजली तेव्हा सुरेखा पोहण्याच्या तलावाच्या तळाशी होती, आणि ती शिट्टी आपल्यासाठी आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पाण्याखाली शिट्टी फार लांबून येते, शेजारच्या गावात कुणीतरी वाजवावी तशी. तिने दोन्ही तळवे निळ्या फरशीवर टेकले होते आणि डोळे उघडे ठेवले होते. औषध घातलेल्या पाण्याने ते चुरचुरत होते, पण मिटावेसे वाटत नव्हते. वर बायकांचे पाय हलत होते. काठाची दांडी धरून मारलेले, घाबरे, आज्ञाधारक पाय. त्यांच्यापलीकडे सकाळचं ऊन तुकड्यातुकड्यांनी पाण्यावर पडलं होतं. कानांत काहीच नव्हतं. कचेरीतला पंखा नव्हता, घरातला टीव्ही नव्हता, आणि रोज जाग आल्यापासून डोक्यात चालू असणारी ती बारीक किरकिर, जिला शब्द नव्हते आणि जी थांबतही नव्हती, तीसुद्धा नव्हती. मग पाणी ढवळलं. कुणीतरी तिचा दंड धरला आणि तिला जोरात वर ओढलं.

वर आली तेव्हा सगळ्या बायका दांडी सोडून पायऱ्यांवर जाऊन उभ्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या. शिकवणारी अर्पिता, सुरेखाच्या मुलापेक्षाही लहान असेल, कपड्यांसकट पाण्यात उतरली होती. सुरेखाला हसू आलं. मला येतं पोहायला, असं ती म्हणाली, आणि ते कुणाला खरं वाटलं नाही. येत होतं तर पहिल्या दिवशी सांगितलं का नाही, आठवडाभर दांडी धरून पाय का मारले, असं अर्पिताने विचारलं. अर्पिताने तिला टॉवेल गुंडाळला, खुर्चीवर बसवलं, आणि शेजारी उकिडवी बसून अगदी हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तशी म्हणाली, "काकू, असं करू नका. धोका कशाला घ्यायचा?"

हे वाक्य सुरेखाच्या ओळखीचं होतं. कुठे ऐकलं ते आठवायला तिला वेळ लागला नाही, कारण ते तिने ऐकलेलं नव्हतं, बोललेलं होतं. कॉलेजात असताना, गावी धावड्याला, काकाच्या घरी, सगळे बसलेले असताना. शब्दही हेच आणि आवाजही असाच हळू. खुर्चीवर बसल्या बसल्या तिच्या अंगावर काटा आला आणि अर्पिताला वाटलं तिला थंडी वाजते आहे.

पोहायला जाण्याची कल्पना तिची स्वतःची नव्हती. मुलगा ऋषी पुण्याला नोकरीला गेला, त्याच्या आधीपासूनच काहीतरी सैल होत गेलं होतं. सकाळी उठून केस विंचरायचा कंटाळा यायचा. कचेरीत आलेल्या टपालावर शिक्के मारताना मध्येच हात थांबायचा आणि समोरचा माणूस मॅडम, मॅडम करत राहायचा. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही, आणि आठवलं नाही याचं वाईटही वाटायचं नाही. नवऱ्याने, रामप्रसादने, तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या भल्या होत्या. झोपेसाठी थोड्या गोळ्या लिहून दिल्या, पण बराच वेळ त्या बाकीचंच बोलत होत्या. झोपायची आणि उठायची वेळ ठरलेली ठेवा. सकाळचं ऊन अंगावर घ्या. शरीर हलू द्या. रोज एका तरी माणसाशी कामाव्यतिरिक्त बोला. फोन उशाशी ठेवू नका. सुरेखा मान हलवत होती. हे सगळं तिने कचेरीतल्या बायकांच्या ग्रुपवर, फुलांच्या चित्रांवर लिहिलेलं रोज वाचलेलं होतं. शेवटी त्यांनी विचारलं, पूर्वी काय करायला आवडायचं? काही नाही, असं ती म्हणाली. आणि जिना उतरताना शेजारच्या नव्या बांधकामावर कुणीतरी पाईप धरून भिंतीला पाणी मारत होतं, त्या ओल्या भिंतीचा वास नाकात शिरला आणि ती जिन्यातच थांबली. विहिरीचा वास. पायऱ्या उतरताना, तिसऱ्या-चौथ्या पायरीपासून सुरू होणारा, ओल्या दगडाचा, शेवाळाचा, पारव्यांचा. रामप्रसाद खाली स्कूटरपाशी थांबला होता. तिथेच ती त्याला म्हणाली, मी पोहायला जाऊ का? त्याला इतका आनंद झाला की त्याने त्याच संध्याकाळी अंबड रोडवरच्या नव्या तलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला तिचं नाव घातलं. पोहता येतं हे तिने त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं काही नव्हतं. फक्त ते जिने शिकवलं तिचं नाव त्याबरोबर आलं असतं.

झुंबरबाई. तिची चुलती, धर्मराजकाकाची बायको. माहेर गोदाकाठचं, तिथल्या पोरी चालायला लागल्या की पाण्यात असतात. ती डोंगराच्या कुशीतल्या धावड्याला दिली गेली, जिथे नदी पावसाळ्यापुरती आणि बाकी सगळी मिरची, मका, कपाशी. पण मळ्यात विहीर होती, खोल, बांधीव, उतरायला दगडी पायऱ्या असलेली. झुंबरबाई लग्न होऊन आली त्या वर्षीपासून उजाडता उजाडता, गडी माणसं मळ्यात यायच्या आधी, विहिरीवर जायची. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचायची, केसांचा अंबाडा वर बांधायची आणि मोटेच्या दगडी थारोळ्यावरून उडी टाकायची. आजी होती तोवर कुणी काही बोललं नाही. सून पाणी भरायला जाते, वेळ लागतो, इतकंच. सुट्टीत सुरेखा गावी यायची तेव्हा तिला ती बरोबर न्यायची. तेलाचा रिकामा डबा सुरेखाच्या पाठीवर बांधून तिने तिला पहिल्यांदा पाण्यात सोडलं होतं. थंडीत पाण्यावर वाफ असायची आणि आत ते कोमट असायचं, आईच्या पोटासारखं, असं सुरेखाला पुढे कधीतरी वाटलं होतं. विहिरीच्या भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप, त्याच्या मुळांत बसलेला पारवा, वर आभाळाचा गोल तुकडा, आणि त्या तुकड्याच्या खाली उताणी तरंगणारी काकू, डोळे मिटलेली, जिला घरात कुणी कधी आडवी झालेली बघितलं नव्हतं.

काकू नेहमी हसतमुख असायची असं नाही. काही दिवस ती गप्प गप्प असायची, चुलीपाशी बसून लाकूड सरकवायची विसरायची, भाकरी करपायची. जीव आंबलाय, असं ती म्हणायची. दुसरा शब्द तिच्याकडे नव्हता, आणि सुरेखाला मानसशास्त्राच्या पुस्तकातही त्याहून बरा शब्द पुढे सापडला नाही. त्या दिवसांत ती विहिरीवर जास्त वेळ थांबायची. बुडी मारून तळाशी जाऊन बसायची. सुरेखा पायरीवर बसून वाट बघायची, पाणी पुन्हा आरशासारखं व्हायचं, पारवा पुन्हा येऊन बसायचा, आणि छाती धडधडायला लागते न लागते तोच काकूचं डोकं वर यायचं, तोंडावरून पाणी निथळत. एकदा सुरेखाने विचारलं होतं, खाली काय करतेस इतका वेळ? काकू पायरीला धरून श्वास घेत म्हणाली होती, "डोकं पाण्याखाली गेलं ना, का इचार वरच ऱ्हातेत. त्यायला पोहता येत न्हाई." आणि ओल्या हाताने तिने सुरेखाच्या गालावर पाणी उडवलं होतं. घरी जाताना ती गाणं म्हणत नव्हती की काही नव्हती. फक्त चालायची तेव्हा तिचे पाय हलके पडायचे आणि त्या दिवशी भाकरी करपायची नाही.

मग गावातल्या वरच्या आळीतल्या एका सुनेने विहिरीत जीव दिला. दुसरीच विहीर, दुसरंच घर, दुसरंच दुःख. पण त्या आठवड्यात गावातला प्रत्येक पुरुष आपापल्या घरातल्या बाईकडे आणि आपापल्या विहिरीकडे नव्याने बघायला लागला. धर्मराजकाका वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता. बायको गप्प असते, पहाटे विहिरीवर जाते, बुडी मारून बसते, हे त्याला माहीत होतं आणि आता त्याचा अर्थ त्याच्या झोपेत येत होता. सुरेखा तेव्हा दिवाळीला गावी आली होती. जालन्याला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला, घरातली शिकणारी पहिली मुलगी, मानसशास्त्र हा विषय घेतलेली. ओसरीवर सगळे बसले होते. तिचे वडील, काका, आत्या. काकू उंबऱ्यापाशी, आत-बाहेर अशी बसून शेंगा फोडत होती. काकाने सगळ्यांसमोर सुरेखाला विचारलं, तू शिकेल हायस, डोक्याचंच शिकून राह्यली, तू सांग, हिला पाण्यात जाऊ द्यावं का? मोठ्या माणसांनी तिला काही विचारण्याची ती पहिली वेळ होती. ओसरीवर सगळे तिच्याकडे बघत होते, वडीलसुद्धा. त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान तिला अजून आठवतो, आणि आपण पदर सावरून जरा ताठ बसलो तेही आठवतं. तिला काही माहीत नव्हतं. पुस्तकाची पन्नास पानंही झालेली नव्हती. पण माहीत नाही असं म्हणायला जी ताकद लागते ती त्या वयात नसते. ती समजूतदार आवाजात म्हणाली होती, "नको. धोका कशाला घ्यायचा?" शेंगा फोडण्याचा आवाज थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. बस्स, इतकंच झालं.

दुसऱ्या दिवसापासून विहिरीच्या पायऱ्यांच्या तोंडाशी बोराटीची काटेरी फांदी आडवी टाकली गेली. पाणी आणायला गडी जाऊ लागला. काकू भांडली नाही, रडली नाही. तिने तो निर्णय एखाद्या पाहुण्यासारखा घरात घेतला. सुरेखा पुन्हा शहरात आली, परीक्षा झाल्या, लग्न झालं, नोकरी लागली, जालन्यातच मस्तगडच्या घरात संसार रुळला. गावाकडून बातमी यायची ती एका वाक्यात: झुंबरबाईचं डोकं ठीक नसतं. कधी कुणाकडून अंगारा आणला, कधी कुणा डॉक्टरच्या गोळ्या सुरू केल्या, मग सोडल्या. सुरेखा लग्नाकार्याला जायची, पाया पडायची, साडी द्यायची, निघायची. आईच्या तेराव्याला काकूने तिचा हात धरून विचारलं होतं, पोहती का गं आता? कुठे काकू, वेळ कुठे असतो, असं म्हणून तिने हात सोडवून घेतला होता, कारण जेवणाची पंगत बसायची होती. तेव्हाही बोलता आलं असतं. नंतरही कितीदा आलं असतं. बोलायचं ठरवलं तर आधी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं की बोलण्यासारखं काहीतरी आहे, आणि सुरेखाने ते इतक्या पद्धतशीरपणे टाळलं होतं की पोहण्याचाच विसर पडला.

अर्पिताने रामप्रसादला फोन केला होता. तिचंही काही चुकलं नव्हतं. सुरेखा घरी आली तेव्हा तो बियाण्यांच्या दुकानात न जाता घरीच थांबला होता, आणि आज गर्मी फार आहे म्हणून थांबलो, असं न विचारताच सांगत होता. त्याने पोहण्याचा विषय काढला नाही. दुपारी पाण्याच्या माठाशेजारच्या फळीवर गोळ्यांची पट्टी नव्हती. संध्याकाळी त्याने आपल्या कपाटातून एक गोळी काढून हातात आणून दिली आणि ती गिळेपर्यंत समोर उभा राहिला, दुसरीकडेच बघत. ती अंघोळीला गेली तेव्हा दाराबाहेर त्याच्या चपलांची फटफट ऐकू येत राहिली. जरा वेळाने, साध्या आवाजात, तो म्हणाला, सुरेखा, झालं का? तिने तांब्या बादलीत सोडला आणि मुद्दाम आवाज केला. मग ती तशीच, ओल्या अंगाने, पाटावर बसून राहिली. तिला राग यायला हवा होता. पण एक वेगळीच भीती वाटत होती. त्याला काय दिसलं? अर्पिताला काय दिसलं? त्या बायका पायऱ्यांवर जाऊन उभ्या राहिल्या, त्यांना आपल्या तोंडावर काय दिसलं? आपण तळाशी होतो तेव्हा वर यायचं नव्हतं असं नाही. पण घाईही नव्हती. घाई नव्हती म्हणजे नक्की काय? सकाळपर्यंत ती गोष्ट साधी सुखाची होती. आता ती उलटून पालटून बघताना तिच्याखाली काहीतरी काळं असावं असं वाटू लागलं, आणि हात लावल्यावर ते तिथे आधीपासून होतं की आपण आत्ताच ठेवलं, हे सांगता येईना. एका दिवसात असं झालं. काकूचं मग काय झालं असेल, हा विचार तिथे पाटावर बसून पहिल्यांदा तिच्या मनात आला, आणि तो पहिल्यांदाच आला याची तिला लाज वाटली.

रविवारी ती धावड्याला गेली. रामप्रसाद सोडायला येतो म्हणत होता. तिने नको म्हटलं आणि एसटीने निघाली. भोकरदनला गाडी बदलेपर्यंत त्याचे फोन येत राहिले, जागा मिळाली का, पाणी घेतलं का. ती नीट उत्तरं देत होती. त्याच्या आवाजातला धीर सांभाळणं हे आता तिचं काम झालं होतं. खिडकीबाहेर डोंगराची निळी रेघ जवळ येत होती. रस्त्याकडेला मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत घातलेली होती आणि तिचा नाकाला झोंबणारा खाट गाडीत येऊन माणसं खोकत होती. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. काकूला जालन्याला न्यावं, तलावावर न्यावं, अर्पिताला सांगावं ही माझी चुलती, हिनेच मला शिकवलं, असं काहीतरी चित्र तिच्या डोळ्यांपुढे येत होतं आणि ते चित्र आपल्यालाच बरं वाटावं म्हणून आहे हेही कळत होतं.

काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूचा मुलगा साहेबराव मळ्यात घर बांधून राहत होता. त्याची बायको द्वारकाबाई कपडे वाळत घालत होती. ताई, फोन तरी करायचा, असं म्हणत तिने हात पुसले आणि काकू मागच्या अंगणात उन्हात बसल्याचं सांगितलं. जेवतात, झोपतात, कुणाला तरास न्हाई, असंही ती म्हणाली. एखाद्या आजारी जनावराबद्दल सांगावं तसं, पण मायेने. विहीर कुठे दिसत नव्हती. सुरेखाने विचारलं तेव्हा द्वारकाबाईने हाताने दाखवलं. बोअर घेतल्यावर ती बुजवली, आता तिथे जनावरांचा गोठा होता. गोठ्याच्या पत्र्यावर कावळे बसले होते.

झुंबरबाई बाजेवर पाय खाली सोडून बसली होती. लहान झाली होती, पोरीएवढी. सुरेखाला तिने लगेच ओळखलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघून, वाळली तू, इतकंच म्हणाली. सुरेखा तिच्या शेजारी बसली. द्वारकाबाईने चहा आणून दिला आणि आत गेली. काकूने नवऱ्याचं विचारलं, पोराचं विचारलं, सुरेखाने सांगितलं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हा सुरेखा म्हणाली, मला सकाळी उठावंसं वाटत नाही, काकू. हे तिने डॉक्टरीणबाईंनाही असं सांगितलं नव्हतं. तिथे तिने लक्षणं सांगितली होती. काकूने मान हलवली. माहीत हाय, असं ती म्हणाली, आणि बाजेवर जराशी सरकून तिला आणखी जागा करून दिली. मग सुरेखाने तलावाचं सांगितलं. निळी फरशी, दांडी, पाय मारणाऱ्या बायका. तळाशी किती गप्प होतं ते सांगताना काकूचे डोळे तिच्या तोंडावरून हलत नव्हते. शिट्टीचं सांगितलं, ओढून वर काढल्याचं सांगितलं. नवऱ्याने गोळ्या उचलून ठेवल्याचंही सांगितलं. काकूच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, ते हसूही असेल.

"तू येशील का?" सुरेखाने विचारलं. "मी नेते तुला. माझ्याकडे राहा थोडे दिवस. पाणी स्वच्छ असतं, मी बरोबर असेन."

"न्हाई माय," झुंबरबाई म्हणाली. "मला आता पाण्याचं भ्याव वाटतं. द्वारका बादली भरून ठिवती न्हाणीत, तर मी आधी अर्धी वतून देते."

सुरेखाचा हात तिच्या गुडघ्यावर होता. तो तिला काढून घ्यावासा वाटला आणि तिने तो काढला नाही. मी तेव्हा नको म्हणाले होते, ओसरीवर, दिवाळीत, असं ती म्हणाली. माफ कर म्हणावं तर ते फार सोपं होतं, आणि लहान होते म्हणावं तर ते खोटं होतं.

"आईकलं व्हतं की मी," झुंबरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. जुनी गोष्ट नीट आठवून सांगावी तशी ती सांगत होती, मध्ये थांबत. "त्यायनं बंद केलं त्याचं काय. ते तर काहीबी बंद करायचे. मी गेले असते, चार दिस थांबून गेलेच असते. पर तू बोलली. मला वाटलं, ही शिकेल हाय, डोक्याचं शिकून राह्यली, हिला माझ्यात काही दिसलं आसन. मला जे दिसत न्हाई ते. मंग मीच मला भ्यायला लागले. पाण्यापाशी गेलं का वाटायचं, आपल्याला ठावं न्हाई आपुन काय करू."

गोठ्यात एक म्हैस पाय आपटत होती. आत द्वारकाबाईने कुकर लावला असावा, शिट्टीआधीची वाफ ऐकू येत होती. सुरेखाचा चहा हातातच होता, त्यावर साय धरली होती. इतकी वर्षं तिने जो अपराध न बघता बाजूला ठेवला होता तो एका बंद केलेल्या वाटेचा होता. आडवी टाकलेली बोराटीची फांदी. ती तर कुणीही उचलून फेकली असती. हे तसं नव्हतं. हे तिने, ताठ बसून, समजूतदार आवाजात, एका बाईच्या आत नेऊन ठेवलं होतं, आणि त्या बाईने ते विश्वासाने ठेवून घेतलं होतं, कारण देणारी मुलगी तिची लाडकी होती.

"मला काही दिसलं नव्हतं, काकू," ती म्हणाली.

झुंबरबाईने मान वळवली.

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही. मला काही माहीतच नव्हतं. सगळे बघत होते म्हणून मी बोलले."

झुंबरबाई तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली स्वतःच्या हातांवर गेली. हात मांडीवर उपडे ठेवलेले होते, त्यांच्या पाठीवर शिरा वर आल्या होत्या. "मंग इतके वर्सं..." ती म्हणाली, आणि तिने ते वाक्य तिथेच सोडलं. सुरेखा पुढचे शब्द यायची वाट बघत राहिली. ते आले असते तर बरं झालं असतं. शिवी आली असती तरी चाललं असतं. ऊन बाजेच्या एका पायावरून दुसऱ्या पायापर्यंत सरकलं. द्वारकाबाई जेवायला वाढू का म्हणून दारात आली आणि दोघींकडे बघून न विचारताच परत गेली.

बऱ्याच वेळाने झुंबरबाई म्हणाली, उठव मला. सुरेखाने काखेत हात घालून तिला उभं केलं. तिचं वजन जवळपास नव्हतंच. एक हात सुरेखाच्या खांद्यावर टाकून ती अंगणाच्या कडेने चालायला लागली, पाऊल टाकायच्या आधी पायाने जमीन चाचपत. आतून द्वारकाबाईने सासूला हाक मारली, आत्याबाई, कुठं निघाल्या, पडसाल. लिंबाच्या झाडापाशी येऊन झुंबरबाई थांबली. धाप लागली होती. झाडाला टेकून तिने पलीकडच्या रानाकडे बघितलं, जिथे मका काढून झाला होता आणि नुसते बुडखे उभे होते.

"बास. आज इतकंच," ती म्हणाली. मग जराशाने, सुरेखाकडे न बघता, "तू हाय का उद्या?"

उद्या सोमवार होता. कचेरी होती, परतीची गाडी संध्याकाळची होती, आणि पर्समध्ये फोन पुन्हा वाजायला लागला होता.

"हाय," सुरेखा म्हणाली.